लाल जोडीची तपासणी

आमच्या घरात फ्रीजमधला सोडला तर बर्फ कोणी पाहिला नव्हता, आणि तरी बर्फावर पडलेल्या माणसाचा पाय नेमका कुठे मोडतो यावर बाबा वरणभात कालवता कालवता व्याख्यान द्यायचे. सिंगापूरला, तोआ पायोहमध्ये, अकराव्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, बाहेर बत्तीस डिग्री, पंखा नुसता गरम वारा ढवळतोय, खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी मागे घेताना पीं पीं करतेय, आणि बाबा चमचा ताटावर आडवा धरून सांगतायत, "ही स्की. हा बूट. हे मधलं बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी खिटी समज. माणूस पडला, स्की इकडे वळली, माणूस तिकडे. मग मध्ये काय पिळलं जाणार? नडगी. म्हणून हाड मोडायच्या आत खिटी सुटली पाहिजे." आई म्हणायची, "अहो, निदान जेवताना तरी हाडं नकोत." बाबा चमचा पुसून परत वरणात घालायचे आणि दोन घास गप्प बसून पुन्हा सुरू व्हायचे. मला ते सगळं पाठ झालं होतं. इतर मुलींना स्तोत्रं पाठ असायची, मला बाइंडिंगची स्प्रिंग पाठ होती.

बाबा मूळचे पुण्याच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं जुळवणारे. सिंगापूरच्या ज्या कंपनीनं त्यांना बोलावलं ती चार वर्षांत गाशा गुंडाळून गेली, आणि परत जायची वेळ आली तेव्हा अंकल कोह भेटले. तोआ पायोहच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. जपान-कोरियाला बर्फ बघायला निघालेल्या लोकांना कोट, हातमोजे, बूट आणि स्की भाड्यानं द्यायचं. विषुववृत्तावर बसून बर्फाचा धंदा! आईला ते ऐकून तासभर हसू आवरेना. पण अंकल कोहना स्की दुरुस्त करणारा माणूस हवा होता, बाबांना पास, म्हणजे तिथे राहून काम करायचा परवाना, हवा होता, आणि आमच्या तिघांचं त्या देशात राहणं पुढची सहा वर्षं त्या दुकानाच्या मागच्या खोलीतल्या एका लाकडी बाकावर अवलंबून होतं. हे मला कोणी बसवून सांगितलं नव्हतं. पण पासच्या नूतनीकरणाचा महिना आला की आई देवापुढे जास्त वेळ बसायची, त्यावरून कळायचं.

त्या मागच्या खोलीचा वास मला अजून ओळखता येईल. डांबराच्या गोळ्या, रबर, आणि न वाळलेली लोकर. हवेतलं पाणी ओढणारं एक यंत्र दिवसभर घरघरत असायचं, आणि त्याची बादली दर शनिवारी दोनदा मी रिकामी करायची. बाबा म्हणायचे, स्कीला बर्फ मारत नाही, सिंगापूर मारतं. दमटपणानं स्प्रिंगला गंज चढतो, आतलं ग्रीस चिकट होतं, स्क्रू धरतात. म्हणून सप्टेंबर लागला की त्यांची तपासणी सुरू व्हायची, डिसेंबरच्या सुट्टीच्या आत शंभरावर जोड्या. एकेक स्की बाकाला आवळायची. कोरड्या फडक्यानं पुसायची. पुढच्या आणि मागच्या खिटीचे स्क्रू बघायचे. मग बुटात लोखंडी पाऊल घालून काट्याच्या पान्यानं ते पिळायचं, हळूहळू, काट्यावर नजर ठेवून, आणि कुठल्या आकड्याला खटॅक करून सुटतं ते लिहायचं. दहा वेळा डावीकडे, दहा वेळा उजवीकडे. ज्याला ती जोडी जाणार त्याचं वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी बघून तक्त्याप्रमाणे स्प्रिंग कमी-जास्त करायची, आणि शेवटी कार्डावर सही. अंकल कोह म्हणायचे, "फोर-फाइव्ह टाइम्स कॅन आलरेडी लाह, व्हाय टेन?" बाबा नुसते मान हलवायचे आणि दहा वेळाच करायचे. आणि एक नियम. तेल नाही. कसलंही तेल नाही. आतलं ग्रीस कंपनीनं भरलेलं असतं, त्यात दुसरं काही घातलं की ते धुऊन जातं. अगदीच लागलं तर कंपनीचीच पांढरी ट्यूब, टाचणीच्या डोक्याएवढी. हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल? पाचशे वेळा. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

पानाही मला चौदाव्या वर्षापासून चालवता यायचा. बाबांनीच शिकवलं. मुलगी म्हणून कधी बाजूला बसवलं नाही, उलट काटा सरकताना श्वास रोखायचा, म्हणजे हात हलत नाही, असल्या युक्त्या सांगितल्या. मला त्याची फार घमेंड होती. शाळेत मी कुणी नव्हते, इंग्रजीतसुद्धा पुणेरी हेल काढणारी काळी-सावळी मुलगी. पण त्या खोलीत मी म्हणजे कोणीतरी होते. नाकापेक्षा मोती जड झाला की काय होतं, ते पुढे येतंच आहे.

मीनल साठे माझी मैत्रीण. अजूनही आहे. तिचे बाबा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, घर बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, खाली निळाशार पोहण्याचा तलाव. गणपतीच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली. मी आरत्या मोठ्यानं म्हणायचे आणि ती माझ्या ओठांकडे बघून नुसती तोंड हलवायची. शाळेच्या नेटबॉलच्या संघात होती. पळताना तिचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. शनिवारी ती आमच्याकडे यायची, आईच्या हातचं थालीपीठ तुपात बुडवून खायची, "आंटी, वन मोर कॅन?" म्हणायची, आणि आई विरघळायची. मला तिचा हेवा वाटायचा का? वाटायचा की. पण तिनं माझ्याकडे कधी वरून पाहिलं नाही, त्यामुळे हेवासुद्धा नीट करता यायचा नाही. त्या डिसेंबरात तिची शाळा मुलांना जपानला स्कीइंगला नेणार होती. मी जाणार नव्हते, हे उघड होतं. तो विषयच आमच्याकडे निघत नसे.

त्या वर्षी ऐन नवरात्रात बाबांना डेंगी झाला. अंगावर लाल ठिपके, डोळे उघडवेनात, हॉस्पिटलात सलाईन. पंधरा-वीस जोड्या तपासायच्या राहिल्या होत्या. खंडेनवमीला सकाळी आईनं मला पूजेची पिशवी हातात दिली. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, साताऱ्याला शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं लोखंड धुऊन पाटावर मांडत, त्याला तेलाचं बोट लावत, हळदकुंकू, झेंडूचं फूल. आईनं तो रिवाज दुकानात नेला होता. दर वर्षी बाबांचे पाने, स्क्रूड्रायव्हर, पकडी पाटावर यायच्या, आणि बाबा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ते सगळं निगुतीनं पुसून काढायचे. "मी जाते दवाखान्यात, तू दुकानात जा," आई म्हणाली. "हत्यारांची पूजा चुकवायची नाही, माणूस आजारी असताना तर मुळीच नाही." पिशवीत हळदकुंकवाच्या डब्या होत्या, लिटल इंडियातून आणलेली झेंडूची माळ होती, आणि घरातल्या खोबरेल तेलाची निळी बाटली.

मीनल माझ्याबरोबर आली. तिला गंमत वाटत होती. मी पूजा केली, तिनं मोबाइलसारखा चेहरा करून, म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर, एकेक गोष्ट टिपून घेत पाहिली. मग ती मांडणीवरच्या जोड्या बघत हिंडायला लागली आणि कोपऱ्यातल्या लाल जोडीपाशी थांबली. सुंदर होती ती जोडी, खोटं कशाला बोलू. कुंकवासारखी लालभडक. तिच्या गळ्यात बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, "या वर्षी नको." मीनल म्हणाली, "धिस वन. आय वॉन्ट धिस वन, वैजू." मी म्हटलं, बाबांनी बाजूला ठेवलीय, काहीतरी बिघाड असेल. ती म्हणाली, "यू ऑल्सो कॅन फिक्स, व्हॉट. यू सेड यू नो एव्हरीथिंग." म्हणजे मीच कधीतरी तिच्यापाशी बढाई मारली असणार. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी जोडी बाकाला आवळली, पाना लावला. काटा चढत गेला, चढत गेला, जिथे सुटायला हवं होतं त्याच्या बराच पुढे जाऊन कण्हल्यासारखा आवाज झाला आणि मग सुटलं. दुसऱ्या खेपेला आणखी पुढे. आत गंज धरला होता किंवा ग्रीस आटलं होतं. पांढरी ट्यूब बाबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली बाबांच्या पाकिटात, आणि पाकीट हॉस्पिटलात. थांबता आलं असतं. दुसरी जोडी घे म्हणता आलं असतं. पण मीनल बाकावर कोपरं टेकून माझ्याकडे बघत होती, आणि ती तसं बघतेय हे मला फार आवडलं होतं. निळी बाटली समोरच होती. आईचं एक बोट तेल सगळ्या हत्यारांना लागायचं. मी बाटली उपडी करून पुढच्या खिटीत धार धरली, मागच्या खिटीत धरली, दोन्ही स्कींना, तेल बाकावर ओघळेपर्यंत. मग पिळलं. खटॅक. काटा बरोबर जागेवर. परत. खटॅक. दहा वेळा डावीकडे, दहा वेळा उजवीकडे, एकदाही चुकलं नाही. मीनलनं टाळ्या वाजवल्या. मी ती चिठ्ठी काढली, चुरगाळली आणि झेंडूच्या निर्माल्याबरोबर टाकून दिली. खाली उतरून आम्ही दोघींनी बर्फाचा गोळा खाल्ला.

बाबा दुकानात परत आले तेव्हा खुर्चीवर बसून पाना धरायचे, इतका अशक्तपणा होता. लाल जोडी बघून म्हणाले, "ही मी बाजूला ठेवली होती ना गं?" मी म्हटलं, "गंज नव्हता बाबा. धूळ बसली होती. साफ केली." त्यांनी चष्मा लावून पुढची खिटी पाहिली, मागची पाहिली. वरचं तेल मी पुसून काढलं होतं, आणि खोबरेलाचा वास त्या खोलीत पूजेनंतर दर वर्षीच असायचा. त्यांनी स्वतः पिळून पाहिलं. दहा वेळा आणि दहा वेळा. बाहेर तीस डिग्री, आत अठ्ठावीस. खोबरेल पाण्यासारखं पातळ, खिटी लोण्यासारखी सुटत होती. "छान केलंस," बाबा म्हणाले. मीनलच्या फॉर्मवरचं वजन बघून त्यांनी स्प्रिंग जुळवली आणि कार्डावर सही केली. बाबा कधी छान म्हणायचे नाहीत हो. तो शब्द मी रात्रंदिवस मनात घोळवत होते.

डिसेंबरात मीनल लाल जोडी घेऊन जपानला गेली आणि पडली ती तिथल्या दुसऱ्याच दिवशी, अगदी सोप्या उतारावर, जवळजवळ उभ्या उभ्याच. वेगात असती तर गोष्ट वेगळी. हळू पडताना पाय जास्त पिळला जातो, हेही बाबांनीच ताटावर चमचा धरून सांगितलेलं. स्की बर्फात रुतली, ती वळली, खिटी सुटली नाही. नडगीचं हाड मळसूत्रासारखं पिळून मोडलं आणि गुडघ्यातलं जे काही फाटायचं ते फाटलं. साठेकाकूंचा फोन आला तेव्हा आई पोह्यांना फोडणी देत होती. आईनं फोन बाबांना दिला. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "सुटलं नाही?" आणि मग खूप वेळ नुसतं "हो", "हो" म्हणत राहिले. पोहे कोणी खाल्ले नाहीत.

जपानमध्ये एक ऑपरेशन झालं, इकडे आणल्यावर दुसरं. जखमेत पू झाला, म्हणून तिसरं. सामानाबरोबर लाल जोडीही परत आली. बाबांनी ती बाकाला आवळली आणि रोज पिळायला लागले. रोज सुटायची. अचूक आकड्याला. ते तक्ता परत काढायचे, वजन, उंची, वय परत मांडायचे, कुठेच चूक नाही. हातावरची आमटी वाळेपर्यंत ताटावर बसून राहायचे. तेवढ्यात विम्याच्या माणसानं शोधून काढलं की हॉस्पिटलातलं मीनलचं वजन फॉर्मवरच्या वजनापेक्षा पाच किलोनं कमी आहे. फॉर्म साठेकाकूंनी भरला होता, शाळेच्या जुन्या तपासणीवरून. पोरगी नेटबॉलच्या सरावानं वाळली होती, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. झालं. जास्त वजन लिहिलं म्हणून स्प्रिंग जास्त आवळली गेली, म्हणून सुटलं नाही. अंकल कोहनी सुटकेचा श्वास टाकला. बाबा म्हणाले, पाच किलोनं एवढा फरक पडत नाही. त्यांचं कोण ऐकतो?

मला अजून काही कळलेलं नव्हतं. हे खरं आहे, पण यावर विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. तेल घातलं ही चोरी मनात होतीच, चोराच्या मनात चांदणं तसं. पण बाबांच्या बाकावर रोज खटॅक वाजत होतं, म्हणजे तेलाचा काही संबंध नाही, असं मी स्वतःला समजावत होते. आई एक दिवसाआड हॉस्पिटलात मीनलला बघायला जायची. मुलीच्या केसांच्या जटा झाल्यात म्हणून तिनं खोबरेलाची बाटली तिथेच, खिडकीपाशी एसीच्या झोताखाली ठेवून दिली होती. एका दुपारी मी बरोबर गेले. साठेकाकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्या आजकाल कुणाशी बोलत नव्हत्या. आईनं बाटली उचलून उपडी केली, तर काहीच आलं नाही. तिनं ती उजेडात धरली आणि हसली. "गोठलंय गं! या मेल्या एसीनं पुण्याची थंडी आणली बघ. आम्ही पुण्याला बाटली उन्हात ठेवायचो." आणि ती बाटली तळव्यांत चोळायला लागली. मीनल उशीवरून मान वळवून म्हणाली, "ए, व्हाय लाइक दॅट वन? सो हार्ड." आईनं झाकण काढून तिला दाखवलं. आत पांढरं, मेणासारखं, घट्ट. आईनं त्यात बोट घातलं तर बोट आत जाईना.

मी तोवर कधी गोठलेलं खोबरेल पाहिलं नव्हतं. आम्ही पुण्याला जायचो ते जूनच्या सुट्टीत, आणि आमच्या फ्लॅटमध्ये एसी फक्त आईबाबांच्या खोलीत. सोळा वर्षांच्या मुलीला जी गोष्ट पुण्यातलं शेंबडं पोर सांगेल ती माहीत नव्हती. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा आई मीनलचे केस विंचरत होती आणि मीनल डोळे मिटून पडली होती.

अकरा दिवस मी गप्प बसले. अकराच्या अकरा मला आठवतात. बोलले असते का, कोण जाणे. पण बाराव्या दिवशी आई घरी आली ती डोळे पुसत. सांगत होती की साठेकाका बायकोशी बोलत नाहीत, जेवायला समोर बसत नाहीत. काकू आईच्या गळ्यात पडून म्हणाल्या होत्या, "मीच माझ्या हातानं लिहिलं हो ते वजन, या हातानं." आई म्हणाली, "तिचं काही खरं नाही. जिवाचं काही करून घेईल ती." बाबा ऐकत होते. मी उठले आणि बाबांना म्हटलं, दुकानात चला.

दुकानात मी त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठी, धार, खोटं बोलले ते. ऐकून बाबा उठले. मग खाली गेले आणि हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांमधल्या शरबतवाल्याकडून बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन आले. लाल जोडीच्या खिट्यांवर बर्फ रचला, वर जुना कोट गुंडाळला, आणि आम्ही दोघं दोन स्टुलांवर बसून राहिलो. बाकावरून पाणी ठिबकत होतं. अंकल कोह एकदा डोकावून परत गेले. तासाभरानं बाबांनी कोट काढला, पाना लावला. काटा खुणेपाशी आला. खुणेच्या पुढे गेला. बाबा पिळत राहिले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, बाक सरकला, काटा पार टोकाला जाऊन टेकला आणि खिटी सुटली नाही. बाबांनी पाना खाली ठेवला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

"आणखी कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणाला नाही. "आईला?" नाही. "मग आता सांगायचं नाही," बाबा म्हणाले. "सही माझी आहे. थंडीत काय होईल याचा विचार मी करायचा असतो. तपासणारा मी." मी रडायला लागले. म्हटलं, "बाबा, पण तुमचा पास..." ते म्हणाले, "त्या बाईला काय सांगायचं मग? वजनामुळेच झालं म्हणून? तोंड धू. आपल्याला बुकित तिमाहला जायचंय."

साठ्यांच्या दिवाणखान्यात मीनल चाकांच्या खुर्चीत होती, त्याच आठवड्यात तिला घरी सोडलं होतं. पाय पुढे फळीवर. बाबा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "वहिनी, वजनाचा काही संबंध नाही. बाइंडिंगमध्ये खोबरेल घातलं गेलं होतं, ते बर्फात गोठलं. माझ्या हातून झालं. मी आज तपासून पाहिलं." काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे माझ्यामुळे नाही?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "नाही. तुमच्यामुळे नाही." काकू जमिनीवर बसल्या आणि अशा रडल्या की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. साठेकाका उठले. "खोबरेल?" ते म्हणाले. "तुम्ही स्वतःला इंजिनिअर म्हणवता? माझ्या पोरीच्या पायात तुम्ही डोक्याचं तेल घातलंत?" आणि मग जे बोलले ते मी लिहिणार नाही. बाप होते ते. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी त्यांच्या मागे दारात उभी होते. त्या खोलीत खरं माहीत असलेली आम्ही दोघंच होतो, आणि आम्हा दोघांतलं एकच माणूस बोलत होतं.

मीनलनं खुर्ची थोडी वळवली. ती रडत नव्हती. खंडेनवमीला ती तिथेच होती, तिनं बाटली पाहिली होती, धार पाहिली होती, टाळ्या वाजवल्या होत्या. मला वाटलं, आता बोलेल. पण बाटलीत काय होतं ते तिला कधी कळलंच नव्हतं. तिच्या लेखी मी ओतलं ते दुकानातलंच काहीतरी बरोबर तेल, कारण वैजूला सगळं येतं, आणि खोबरेल ते बाबांनी नंतर घातलेलं. माझा चेहरा बघत तिनं विचारलं, "अंकल पुट द कोकोनट ऑइल? वैजू, यू डिडन्ट नो, राइट?" बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांची पाठ मला दिसत होती, शर्टाला घामाचा डाग होता. मी म्हटलं, "नो."

अंकल कोहनी बाबांना हात जोडून सांगितलं की आता ठेवता येणार नाही. पास रद्द झाला, महिन्याभरात आम्ही पुण्याला आलो. बाबांनी नंतर कधी पाना हातात धरला नाही. एका नातेवाइकाच्या गोदामात माल आला-गेला लिहायचे. आईनं त्यांना आयुष्यभर माफ केलं नाही. "माझ्या पूजेतलं तेल," म्हणायची, "माझ्या पूजेतलं तेल घातलंत तुम्ही पोरीच्या पायात." माझ्यासमोर म्हणायची. बाबा ऐकून घ्यायचे आणि मी ताटं उचलायचे. आमच्या घरात खंडेनवमी परत झाली नाही. बाबा गेले तेव्हा मी पस्तिशीची होते. शेवटच्या आजारात मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी पाणी मागितलं.

शिकून मी याच देशात परत आले. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत सव्वीस वर्षं काढली, इथलीच नागरिक झाले, निवृत्तही झाले. महिन्यातून एकदा मीनलला भेटते. तिचा डावा पाय आखूड राहिला, बुटाला जाड तळवा लावते, पावसाळी हवेत गुडघा धरतो. ती अजून मला सगळ्यात जुनी मैत्रीण म्हणून लोकांना ओळख करून देते. बाबा गेल्याचं कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली होती, "युअर डॅड वॉज अॅन ऑनेस्ट मॅन, यू नो. अॅट लीस्ट ही केम अँड टोल्ड अस." मी म्हटलं, हो. गेल्याच महिन्यात एमआरटीच्या स्टेशनात जिन्यावर तिनं माझा हात धरला आणि आम्ही एकेक पायरी उतरलो, बाकीची माणसं पुढे निघून गेली.

हे प्रकरण लिहिताना मला कुणीतरी विचारलं, तुझं सगळं शिक्षण इंग्रजीत, नोकरी इंग्रजीत, मग पुस्तक मराठीत का? मी मातृभाषेबद्दल काहीतरी बोलले, लोकांना ते आवडतं. खरं कारण ते नाही. मीनलला मराठी वाचता येत नाही.